पिल्लू घरी जाण्याआधीचे आठ आठवडे

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या मराठी घरात कुत्रं पाळायचं ठरलं की पहिला सल्ला ठरलेला: "महिन्याचंच आणा, लळा लवकर लागतो." लळा लागतो हे खरं. पण खेळताना भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं, खेळ तिथेच मोडतो आणि दात किती लावायचे हे पिल्लाला उमगतं. हा धडा महिन्याभरात पुरा होत नाही.

या वयाचा नीट अभ्यास झाला तो अमेरिकेत, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्याच एका प्रयोगाचे निष्कर्ष १९६१ साली छापून आले. कॉकर स्पॅनियल आणि बीगलची पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात, माणसाचं तोंडही दिसणार नाही अशी वाढवली. कुणाला दुसऱ्या आठवड्यात, कुणाला पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात, फक्त आठवडाभर माणसांत आणलं. तेवढ्यानंही फरक पडला. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं मात्र रानटी जनावरासारखी बुजरी निघाली. साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा माणसांची, जगाची ओळख होण्याचा नाजूक काळ मानला जाऊ लागला, तो इथून. कॅलिफोर्नियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनाही हेच दिसलं: चाचणीत पास झालेली पिल्लंसुद्धा पुढे काही आठवडे पिंजऱ्यातच राहिली, तर कामाला कच्ची ठरत.

मग १९७८च्या सुमारास पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूची साथ जगभर पसरली. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लू बाहेर काढू नका, असं डॉक्टर सांगू लागले. त्यात चूक काहीच नव्हती, पण लसी संपेस्तोवर तो नाजूक काळही संपत येई. अखेर २००८ साली अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेनं सांगितलं, की पहिल्या लसीनंतर आठवड्याभराने, सात-आठ आठवड्यांच्या वयातच पिल्लाला जपून बाहेरचं जग दाखवायला लागा.

आपल्याकडे २०१७च्या नियमांनी आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी घातली. उत्तम झालं. फक्त ते आठ आठवडे पिल्लानं कुठे काढायचे, हा प्रश्न उरतोच. कुकरची शिट्टी, मिक्सर, वरातीचा बँड, काठी टेकत येणारे आजोबा, रांगतं मूल हे सगळं पिल्लाच्या कानाडोळ्यांवरून तेव्हाच जायला हवं, आणि ते विकणाऱ्याच्या घरातच होऊ शकतं. गावाजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, पण घरगुती गिऱ्हाईक अजून रंग आणि जातीची कागदपत्रंच विचारतं. गच्चीवरच्या पिंजऱ्यात आठ आठवडे काढलेलं पिल्लू वयाच्या नियमात बसतंच.