रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय आणि शांतीचा प्रश्न

जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि जे नको तेच घडते, ही बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातील प्रेषित पौलाची कबुली वाचताना आपलेच मन कोणी उघडे करून ठेवल्यासारखे वाटते. परंतु हे बोलणारा माणूस तारणापूर्वीचा, म्हणजे ख्रिस्तावरील विश्वासाने पापातून सुटका होण्यापूर्वीचा, की तारणानंतरचा, याविषयी ख्रिस्ती मंडळीत कधीच एकमत झाले नाही. पापाशी चाललेली झुंज संपल्यावरच शांती मिळते, की झुंज चालू असतानाही ती लाभते, हा प्रश्न त्या वादाशी बांधलेला आहे.

प्राचीन मंडळीचे धर्मगुरू संत ऑगस्टीन आरंभी हे शब्द नियमशास्त्राधीन, म्हणजे मोशेच्या नियमांखाली असलेल्या आणि अजून ख्रिस्ताकडे न आलेल्या माणसाचे मानत. पुढे, माणूस स्वतःच्या इच्छाबळाने निष्पाप जगू शकतो असे मानणाऱ्या पेलागियसशी वाद पेटला, तेव्हा मात्र हे विश्वासणाऱ्याचेच बोल आहेत, असे ते सांगू लागले. स्वतःचे मत असे उघडपणे बदलण्यातली त्यांची नम्रता मला मोलाची वाटते.

पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक ठरलेले मार्टिन लूथर १५०५ साली जर्मनीतील एरफुर्टच्या मठात दाखल झाले. उपास, जागरणे आणि एखादे पाप सांगायचे राहून जाईल या धास्तीने लांबत जाणारी पापकबुली, इतके करूनही त्यांच्या जिवाला चैन पडेना. १५१५-१६ मधील रोमकरांस पत्रावरील व्याख्यानांत त्यांनी ऑगस्टीनचाच नंतरचा अर्थ स्वीकारला: विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही, म्हणून त्याची शांती त्याच्या विजयांवर नव्हे, तर ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर टेकलेली असते.

याच पत्राला लूथरनी लिहिलेली प्रस्तावना ऐकताना, २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये, मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांना तारणाची खात्री पटली. तरीही सातव्या अध्यायातला पराभव हीच ख्रिस्ती जीवनाची कायमची स्थिती, हे त्यांना मान्य नव्हते. परिपूर्ण प्रीती याच आयुष्यात शक्य आहे, असे ते शिकवीत. पवित्रीकरणाची, म्हणजे पापापासून दूर होत पवित्र जीवन जगण्याची, ही ओढ पुढे इंग्लंडमधील केसिक येथे १८७५ पासून भरणाऱ्या अधिवेशनांत वेगळ्या रूपात दिसते.

पंडिता रमाबाई १८९८ साली त्या अधिवेशनाला गेल्या होत्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, आणि मनाला शांती मिळाली ती त्यानंतर काही वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहिले आहे. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे रमाबाईंच्या आश्रमात, संजीवन (आध्यात्मिक जागृतीची लाट) आले, तेव्हा तेथील मुली आधी रडून आपली पापे कबूल करीत होत्या आणि मग आनंदाने स्तुती करीत होत्या.