गेमिंग संगणकात हार्ड डिस्क मागे का पडली

सोलापुरात गेमिंगसाठी संगणक असेंबल करून घ्यायला आलेल्या मुलाला दुकानदार आज ‘हार्ड डिस्क टाकायची का?’ असे विचारतो, तेव्हा साठवणीपुरती जास्तीची डिस्क हवी का, एवढाच त्याचा अर्थ असतो. विंडोज आणि गेम एसएसडीवरच (हलते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवरच) जाणार, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. दहा-बारा वर्षांपूर्वी हे नेमके उलट होते. एसएसडी वेगवान असल्यामुळे हा बदल झाला, असे सर्रास सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. एसएसडी २००८ पासूनच वेगवान होती. तरीही पुढची बारा वर्षे मोठे गेम हार्ड डिस्क डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिले गेले. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर हार्ड डिस्कची मूळ अडचण कोणती, तिथून सुरुवात करावी लागते.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पत्त्यांच्या माळेतून उतरत आली आहे. पत्ते एकामागून एक फिरतात आणि त्याच क्रमाने धागे उचलले जातात. भोके पाडलेली तशीच कार्डे पुढे हिशेबाच्या यंत्रांत आली आणि त्या धंद्यावर आयबीएम ही कंपनी उभी राहिली. कार्डांची अडचण ही की हवी ती नोंद थेट काढता येत नाही, गठ्ठा क्रमानेच चाळावा लागतो. ती दूर करण्यासाठी आयबीएमने १९५६ मध्ये ‘रॅमॅक’ संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची, म्हणजे ६२,५०० कार्डांइतकी. हेड, म्हणजे वाचणारे टोक, हव्या त्या तबकडीपाशी जाऊन हवी ती नोंद वाचत असे आणि त्याला साधारण सहाशे मिलिसेकंद लागत. त्या काळी हा चमत्कारच होता.

पुढच्या सहा-सात दशकांत हार्ड डिस्कची क्षमता कुठच्या कुठे गेली. १९८० मध्ये सीगेटने ५ एमबीची सव्वापाच इंची डिस्क काढली, १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क आली, २००७ मध्ये हिताचीने १ टीबीचा टप्पा गाठला आणि २०२४ मध्ये सीगेटने ३० टीबीची डिस्क जाहीर केली. रॅमॅकच्या तुलनेत ही वाढ साठ लाख पटींच्या घरात आहे. हेडला हव्या त्या जागी पोहोचायला लागणारा वेळ मात्र सहाशे मिलिसेकंदांवरून बारा-तेरावर आला, म्हणजे जेमतेम पन्नास पटींनी सुधारला. कारण सरळ आहे. क्षमता चुंबकीय ठिपके बारीक करून वाढवता येते. हेडचा दांडा आणि फिरणारी तबकडी या मात्र वजन असलेल्या वस्तू आहेत.

हा हिशेब एकदा मांडून पाहिला की पुढचे सगळे उलगडते. ७२०० आरपीएमची (मिनिटाला तितके फेरे घेणारी) तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली येण्याची सरासरी वाट अर्ध्या फेऱ्याची, सुमारे ४.२ मिलिसेकंद; त्यात हेड योग्य पट्ट्यावर नेण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले की एका तुकड्याला साधारण तेरा होतात. त्यामुळे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर हार्ड डिस्क सेकंदाला पाऊणशे-ऐंशी तुकड्यांच्या पुढे फारशी जात नाही. समजा, गेमला ६४ केबीचे दोन हजार तुकडे हवे आहेत. हा मजकूर सव्वाशे एमबीच्या आसपास भरतो. तो सलग ठेवलेला असेल, तर सेकंदाला दीडशे एमबी वाचणारी डिस्क तो सेकंदाच्या आत देते. तोच विखुरलेला असेल, तर तिला पंचवीस सेकंद लागतात. डिस्क मागण्यांचा क्रम बदलून थोडा वेळ वाचवते, तरी फरक या पल्ल्यातलाच राहतो. एसएसडीत हलणारे काहीच नसल्याने एका तुकड्याची वाट मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतकी असते आणि दोन हजार तुकडे अर्ध्या सेकंदाच्या आत येतात. जाहिरातीत सेकंदाला अमुक एमबी हा आकडा ठळक छापतात. गेमसाठी निर्णायक आकडा हा दुसरा, तुकड्याच्या वाटेचा आहे आणि तो खोक्यावर क्वचितच ठळक दिसतो.

गेमला असे विखुरलेले तुकडे लागतात ते त्याच्या स्वभावामुळेच. खेळणारा डावीकडे वळला की तिकडच्या भिंतींचे पोत, गाड्या, माणसे, आवाज हे सगळे लगोलग लागते आणि तो उजवीकडे वळला असता तर दुसरेच काही लागले असते. ही वाट लपवण्याच्या युक्त्या गेम करणाऱ्यांनी फार पूर्वीपासून शोधल्या. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये प्रत्येक खोलीपूर्वी सावकाश उघडणारे दार दिसते, २००७ च्या ‘मास इफेक्ट’मध्ये लिफ्ट कंटाळा येईपर्यंत वर जात राहते, पुढच्या अनेक गेममध्ये नायक खडकाच्या फटीतून अंग चोरून सरकत जातो; या सगळ्याच्या मागे पुढचे दृश्य भरले जात असते. दुसरी युक्ती जास्त खर्चिक होती. हेडची धाव वाचावी म्हणून एकच वस्तू डिस्कवर जागोजागी पुन्हा पुन्हा ठेवत. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलची (फक्त गेमसाठीच्या यंत्राची) रचना सांगताना तिचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये ‘स्पायडरमॅन’ या गेममधल्या टपालपेटीसारख्या काही वस्तू चारशे-चारशे वेळा साठवल्या असल्याचे सांगितले होते. गेम फुगत गेले, त्यातला काही भाग असा निव्वळ पुनरावृत्तीचा होता.

तबकडी जोरात फिरवून हे सुटेल, असाही एक काळ होता. वेस्टर्न डिजिटलने २००३ मध्ये १०,००० आरपीएमची ‘रॅप्टर’ आणली. ती ३६ जीबीची होती, महाग होती आणि आवाजही करायची, पण हौशी गेमरची ती आवडती होती. २००६ च्या ‘रॅप्टर एक्स’ला तर वरून पारदर्शक खिडकी होती, आतला हेड धावताना दिसावा, एवढ्यासाठी. हार्ड डिस्कच्या मर्यादेचे इतके हौसेने केलेले प्रदर्शन दुसरे सापडणार नाही. फेऱ्याचा वेळ ८.३ वरून ६ मिलिसेकंदांवर आला, त्यापलीकडे फारसे काही हाती लागले नाही.

दरम्यान दुसऱ्या वाटेचे काम जपानमध्ये सुरू झाले होते. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नॅंड हा दाट आणि स्वस्त प्रकार. आजची प्रत्येक एसएसडी त्यावरच उभी आहे. (शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून त्यांनी पुढे आपल्या जुन्या कंपनीवर दावा लावला, २००६ मध्ये तडजोड झाली.) १९९१ मध्ये सनडिस्क, म्हणजे नंतरच्या सॅनडिस्कने, २० एमबीची एसएसडी सुमारे हजार डॉलरना दिली. ग्राहकांच्या बाजारात खरी खळबळ उडाली ती सप्टेंबर २००८ मध्ये इंटेलच्या एक्स२५-एमने: ८० जीबी, वाचनाचा वेग सेकंदाला २५० एमबी आणि किंमत ५९५ डॉलर. विंडोज ७ ने पुढच्याच वर्षी ‘ट्रिम’ची सोय दिली. फ्लॅशमध्ये लिहिलेल्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो; कोणता मजकूर आता नको आहे हे ट्रिममुळे ड्राइव्हला आधीच कळू लागले आणि वापरागणिक एसएसडी मंदावण्याची तक्रार बरीच कमी झाली. साटा या जुन्या जोडणीची सेकंदाला ५५० एमबीच्या आसपासची मर्यादा ओलांडणारा एनव्हीएमई हा नवा जोडणी-प्रकार २०११ मध्ये ठरला आणि २०१५ नंतर घरगुती मदरबोर्डवर रुळला.

सोलापुरात मात्र हा प्रवास किमतीच्या मागे मागे झाला. पुणे अडीचशे किलोमीटरवर, हैदराबाद तीनशेच्या आसपास; माल आणि भाव दोन्ही तिकडून येत. २००३ ते २००८ च्या सुमाराच्या गेमिंग पार्लरमधले संगणक ४० किंवा ८० जीबीच्या हार्ड डिस्कवर चालत. त्यावर ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘व्हाइस सिटी’ आणि ‘मोस्ट वॉन्टेड’ असे गेम असत. त्यात भारनियमनाची वर्षे. यूपीएसच्या बॅटरीने दगा दिला की संगणक तसाच बंद पडे. हेड तबकडीवरून बाजूला नेण्याची सोय डिस्कमध्ये असते, पण अर्धवट लिहिलेली फाइल त्यामुळे वाचत नाही. मग पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर चेकडिस्कचे (विंडोजच्या डिस्क-तपासणीचे) टक्के मोजत बसायचे.

२०११ मध्ये थायलंडला महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा हिस्सा तिथे तयार होत असल्याने भाव जवळपास दुप्पट झाले आणि स्वस्ताईच्या जोरावर टिकलेल्या हार्ड डिस्कची ती बाजूही काही काळ ढळली. त्यानंतरच्या वर्षांत फ्लॅश स्वस्त होत गेली आणि एक मधला मार्ग घरोघर रुजला: विंडोजसाठी १२० किंवा २४० जीबीची एसएसडी आणि गेमसाठी १ टीबीची हार्ड डिस्क. मोजक्या पैशांत काम भागवण्याच्या दृष्टीने ही जोडी शहाणपणाचीच होती, पण तिने एक गैरसमज पसरवला. संगणक सुरू व्हायला पंधरा सेकंद आणि गेम उघडायला दीड मिनिट लागे, तेव्हा ‘एसएसडी टाकूनही गेममध्ये फरक नाही’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. गेम एसएसडीवर नव्हताच, तर फरक पडणार कुठून? शिवाय तो एसएसडीवर टाकला तरी लोडिंग कमी होई, प्रत्यक्ष खेळात फारसे बदलत नसे. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे, तर ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात.

फारसे बदलत नसे, याचे कारण कन्सोलमध्ये होते. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींत ५०० जीबीची हार्ड डिस्क होती; प्लेस्टेशनमधली तर ५४०० आरपीएमची, लॅपटॉपमध्ये बसते तशी. मोठा गेम एकाच वेळी कन्सोल आणि पीसीसाठी निघतो आणि त्याची मांडणी सर्वांत संथ यंत्राला धरून होते. त्यामुळे आपल्या घरची एसएसडी कितीही चपळ असली, तरी नायकाला खडकाच्या फटीतून सरकावेच लागे. नोव्हेंबर २०२० मध्ये हे जोखड निघाले. प्लेस्टेशन ५ मध्ये सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी ८२५ जीबीची एसएसडी आली, एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये सेकंदाला २.४ जीबी वाचणारी. जुन्या कन्सोलची पिढी गेममधून गळायला आणखी दोन-अडीच वर्षे गेली, आणि २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ व ‘स्टारफील्ड’ यांनी किमान गरजांतच एसएसडी मागितली. ‘सायबरपंक २०७७’ने तर त्याच वर्षीच्या २.० आवृत्तीपासून हार्ड डिस्कचा आधार काढून घेतला. आधीपासून खेळत असलेल्याला आपला संगणक आता पुरेसा नाही, हे असे अपडेटमधून कळले.

यानंतर वेगाच्या आकड्यांची शर्यत लागली असली, तरी तिच्याकडे थोडे सावधपणे पाहायला हवे. सेकंदाला साडेतीन हजार एमबीची एनव्हीएमई आणि दहा हजारांची नव्या पिढीची जेन फाइव्ह यांच्यातला फरक बहुतेक गेममध्ये एखाद-दोन सेकंदांपलीकडे जात नाही, कारण तिथवर येता येता वाट डिस्कची नसते, दाबून साठवलेला मजकूर उलगडून मांडणाऱ्या प्रोसेसरची असते. ते काम ग्राफिक्स कार्डाकडे देण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टस्टोरेजमध्ये २०२२ च्या अखेरीस आली, पण ती वापरणारे गेम अजून मोजकेच आहेत. ‘जीटीए ऑनलाइन’ची मिनिटेच्या मिनिटे चालणारी लोडिंग २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने तपासली, तेव्हा दोष एक यादी अतिशय वेंधळेपणाने वाचणाऱ्या कोडमध्ये निघाला, दुरुस्तीनंतर वेळ सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला. ‘हेलडायव्हर्स २’ची गोष्ट याहून बोलकी आहे. हार्ड डिस्कवाल्यांची अडचण होऊ नये म्हणून त्यात वस्तूंच्या प्रती भरल्या होत्या आणि पीसीवर तो सुमारे १५४ जीबी झाला होता. मोजमाप केल्यावर लक्षात आले की लोडिंगचा बराचसा वेळ नकाशा तयार करण्यात जातो, तेव्हा २०२५ च्या अखेरीस त्या प्रती काढून तो २३ जीबीवर आणला गेला.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. बाहेर पारा ४२-४३ वर असताना कॅबिनेटमध्ये त्याहून बरेच जास्त तापते; बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते, तर एनव्हीएमई सत्तर-ऐंशीच्या पुढे स्वतःच वेग उतरवते. ग्राफिक्स कार्डाच्या खाली दबलेल्या एम-डॉट-टूवर (मदरबोर्डवर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीवर) साधा हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढणारा धातूचा तुकडा, बसवला, तर दुपारच्या खेळात त्याचा उपयोग दिसतो. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुधा आवाज करते, संथ होते, बॅड सेक्टर (वाचता न येणारे भाग) दाखवते. एसएसडी अनेकदा काही न सांगता जाते आणि त्यातला मजकूर परत मिळवणे फार कठीण असते. गेम पुन्हा डाउनलोड होतात. घरचे फोटो आणि कॉलेजचा प्रोजेक्ट होत नाहीत, म्हणून त्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवण्याची पद्धत टिकली आहे आणि ती रास्त आहे.

गेमिंग संगणकातून निघालेली १ टीबीची डिस्क बरीच वर्षे चालू शकते, त्यामुळे ती सहसा भंगारात जात नाही. शहरात तिची पुढची जागा बहुधा दुकानाच्या किंवा कारखान्याच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) असते. तिथे दिवसरात्र सलग लिहायचे असते, हेडला इकडून तिकडे फारसे धावावे लागत नाही, आणि फ्लॅशला झिजवणारे हे सततचे लेखन तबकडी विनातक्रार करते.