फुलीची खाच, बारीक स्क्रू आणि कारखान्यातला गोंद

लॅपटॉपच्या तळाच्या स्क्रूवरची फुली गुळगुळीत होते, स्क्रूड्रायव्हर नुसता घसरत राहतो, आणि दोष जातो उघडणाऱ्याच्या हाताला. बहुतेक वेळा हा अन्याय असतो. अडचणीची मुळं तीन ठिकाणी आहेत: फुलीचा आकार, स्क्रूचं घटत गेलेलं माप आणि आट्यांना आधीच लावलेला गोंद. जोडणी झटपट आणि पक्की व्हावी, या हिशेबाने हे सगळं ठरत गेलं. पुढे कधी कुणी ते उघडेल, याचा विचार त्यात फारसा नव्हता.

फुलीच्या, म्हणजे ‘फिलिप्स’ खाचेची मूळ पेटंटं 1936 मधली. सरळ खाचेतून स्क्रूड्रायव्हरचं टोक बाजूला सरकायचं. फुलीत ते आपोआप मध्यावर बसतं, त्यामुळे मोटारींच्या कारखान्यांनी ती लगेच उचलली. पण फुलीच्या भिंती उतरत्या असतात. पिळायचा जोर वाढला की त्यातला काही भाग टोकाला वर ढकलतो आणि स्क्रूड्रायव्हर बाहेर निसटतो.

हे निसटणं मुद्दाम ठेवलेलं होतं का, यावर आजही वाद होतो. स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला जाऊन तुटू नये म्हणून टोक आपणहून सुटावं, अशी योजना होती, असं सर्रास सांगितलं जातं. 1936 च्या कागदांत मात्र हा हेतू सापडत नाही. निसटण्याचा गुण म्हणून उल्लेख येतो तो 1949 च्या सुधारित पेटंटात, म्हणजे खाच जगभर पसरल्यानंतर. माझ्या मते हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण ‘ती तशीच बनवलीय’ या एका वाक्यावर ही खाच बदलण्याची चर्चा दरवेळी थांबते. शिवाय निसटण्याचा फायदा आवळताना होतो. सोडवताना तेच निसटणं खाचेच्या कडा खातं. ठरावीक जोराला आपोआप सुटणारे विजेवरचे स्क्रूड्रायव्हर कारखान्यांत आले, तेव्हा आवळतानाचं संरक्षणही खाचेकडून मागायची गरज उरली नाही. फुली तरीही टिकली.

त्यात जपानी फुलीची भर पडली. ती दिसायला जवळपास तशीच, पण फिलिप्सच्या टोकावरच्या पाकळ्यांमधल्या कोपऱ्यांना जास्त गोलाई असते, त्यामुळे जपानी खाचेत ते पूर्ण खाली बसत नाही आणि वरच्या कडांवरच सगळा जोर येतो. उलट जपानी टोक फिलिप्सच्या खाचेत बऱ्यापैकी चालतं. हे जुनं जपानी मानक 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात विलीन झालं, तरी त्या घडणीचे स्क्रू जुन्या यंत्रांत अजून भेटतात. काहींच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तेवढीच खूण.

डेस्कटॉपच्या काळात हे सगळं निभावलं, कारण स्क्रू जाड होते आणि कॅबिनेटच्या स्क्रूंची डोकी बहुधा षटकोनी. फुली गेली तरी बाहेरून पाना लावून ते फिरवता यायचे. तिथला घोटाळा वेगळा होता: 6-32 हा इंची आट्यांचा स्क्रू आणि मेट्रिक एम3 (3 मिलिमीटर जाडीचा) एकाच डब्यात पडायचे. पहिल्याचे आटे सुमारे 0.79 मिलिमीटर अंतरावर, दुसऱ्याचे 0.5 वर. चुकीचा स्क्रू रेटून बसवला की आटे मरत आणि पुढच्या वेळी तो अडकत असे.

लॅपटॉप बारीक होत गेले तसे एम2 आणि एम2.5 आले, डोकी पातळ झाली आणि खाच उथळ. एसएसडी (माहिती साठवणारा भाग) धरून ठेवणारा स्क्रू एम2 मापाचा, लांबी जेमतेम 3 मिलिमीटर. वर आट्यांवर निळसर नायलॉनचा किंवा गोंदाचा पट्टा. हवा न मिळता आट्यांच्या फटीत घट्ट होणारा गोंद 1953 मधला. हादऱ्यांनी नटबोल्ट सैल होऊ नयेत म्हणून तो वापरात आला. उथळ फुलीच्या स्क्रूला तो फार जड जातो.

काढण्याच्या युक्त्या बहुतेक यंत्रदुरुस्तीतूनच आल्या आहेत, पण सगळ्या बारीक मापाला झेपत नाहीत. रबरबँडचा तुकडा खाचेत ठेवण्याच्या सल्ल्याचं कौतुक जरा जास्तच होतं: पीएच00 (फुलीचं अगदी बारीक माप) च्या खाचेत रबरच जागा खातं आणि टोक आणखी वर राहतं. त्यापेक्षा टोकाला खरखरीत पॉलिशिंग पेस्ट लावावी, नेमक्या मापाचं टोक घ्यावं आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर ठेवावा. गोंद असेल तर सोल्डरिंगचं टोक काही सेकंद डोक्यावर टेकवल्याने तो मऊ पडतो. बॅटरीजवळ हे अजिबात करू नये. एसएसडीच्या स्क्रूचं डोकं वर उचललेलं असतं, ते बारीक पकडीने बाजूने धरून फिरवता येतं. खाच कापून सरळ करण्यात किंवा ड्रिल करण्यात धातूचा कीस बोर्डावर पडून शॉर्ट होण्याचा धोका असतो. पण ड्रिलने डोकं उडालं की ताण सुटतो, आणि झाकण उचलल्यावर उरलेला दांडा पुष्कळदा पकडीने सहज फिरतो. स्क्रूसोबत प्लास्टिकमधलं पितळी बुशच (स्क्रू ज्यात बसतो ती आट्यांची नळी) फिरत असेल, तर आधी ते धरून ठेवावं लागतं. खाचेवरचे उपाय तिथे निरुपयोगी.

चांगली खाच केव्हाच तयार होती. सहा पाकळ्यांची, जवळपास उभ्या भिंतींची टॉर्क्स 1967 मधली, आणि काही संगणकांत ती वापरलीही गेली. पण 2009 पासून एका बड्या कंपनीने लॅपटॉप आणि फोनवर पाच पाकळ्यांची स्वतःची खाच आणली. तिची टोकं सुरुवातीला बाजारात मिळतच नव्हती, म्हणून लोकांनी हाती येईल ते टोक घुसवलं आणि खाचा बिघडल्या. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा त्यानंतर तापली. फ्रान्सने जानेवारी 2021 पासून दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापायला लावले. युरोपीय संघात फोन आणि टॅब्लेटसाठीचे नियम 20 जून 2025 पासून लागू आहेत. त्यांत साध्या हत्यारांची यादी आहे, आणि सहा पाकळ्यांच्या स्क्रूड्रायव्हरसोबत फुलीचा स्क्रूड्रायव्हरही तिच्यात आहे.