पहिली तिमाही नेमकी कुणाची?

‘दुसऱ्या तिमाहीत काम पूर्ण करून देऊ’ असं कुणी म्हणालं, की पुण्यातल्या आयटी कंपनीतला अनुभवी माणूस आधी विचारतो, कुणाची दुसरी? आपल्या कंपन्यांची दुसरी तिमाही म्हणजे जुलै ते सप्टेंबर. मायक्रोसॉफ्टचं वर्ष जुलैत सुरू होतं, म्हणून त्यांची दुसरी ऑक्टोबर ते डिसेंबर. ॲक्सेंचरचं सप्टेंबरमध्ये, म्हणजे त्यांची डिसेंबर ते फेब्रुवारी. ॲपलचं वर्ष तर तारीख बघून संपतच नाही, वार बघून संपतं: सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. त्यामुळे त्यांचं एखादं वर्ष ५२ आठवड्यांचं, एखादं ५३. वॉलमार्ट हिशेब मिटवतं ३१ जानेवारीला, नाताळची गर्दी ओसरल्यावर.

वॉलमार्टचं कारण लगेच पटतं. हंगाम उरकला, गल्ला भरला, आता वही बंद करू. हिशेबाचं वर्ष मुळात असंच ठरायचं. मराठ्यांच्या दफ्तरात जो शुहूर सन दिसतो (सलास, अर्बा, खमस असे अरबी आकडे लिहिलेला), तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलायचा. फसली सनही आपल्याकडे मृगालाच सुरू व्हायचा. पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत एक वर्ष, कारण सारा पिकातून यायचा. व्यापाऱ्यांचं वेगळं. त्यांची नवी वही दिवाळीत पुजली जायची.

मग १ एप्रिल आला कुठून? गुढीपाडवा त्याच सुमारास येतो म्हणून हे आपलंच वर्ष असावं, असं पुष्कळांना वाटतं. तो निव्वळ योगायोग आहे. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचं आर्थिक वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल असं होतं. १८६७ मध्ये ते १ एप्रिलवर आणलं गेलं, ब्रिटनच्या सरकारी वर्षाशी जुळावं म्हणून. आणि ब्रिटनचं वर्ष तरी मार्चअखेर का? तिथे जमिनीचा खंड आणि गडीमाणसांचा पगार चुकता करायचे वर्षातले चार दिवस ठरलेले होते: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. तिमाही म्हणतात ती हीच, चर्चच्या सणांना बांधलेली. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर नवं वर्षही २५ मार्चलाच उजाडायचं. त्या वर्षी पंचांग सुधारताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, ११ दिवस गळाले आणि करवसुलीची तारीख तेवढी पुढे सरकली. ब्रिटनमधल्या माणसाचं आयकर वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, ते त्याच ओढाताणीतून. सरकारचं मात्र १ एप्रिलला.

म्हणजे आपला ‘मार्चएंड’ हा कोकणातल्या, विदर्भातल्या कुठल्याही हंगामाचा शेवट नव्हे. याबद्दलची कुरकुर जुनी आहे. १९१३ साली नेमलेल्या चेंबरलेन आयोगाने वर्षाची सुरुवात नोव्हेंबर किंवा जानेवारीत करा असं सुचवलं. एल. के. झा समितीने १९८५ मध्ये १ जानेवारीची शिफारस केली. युक्तिवाद सरळ होता: अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडायचा आणि पाऊस कसा पडणार ते कळायचं जून ते सप्टेंबरमध्ये, हे उलटं आहे. सरकारने ते मानलं नाही. २०१६ मध्ये शंकर आचार्य समिती नेमली. २०१७ मध्ये मध्य प्रदेशाने जानेवारी-डिसेंबर वर्षाची घोषणाही केली. बदललं काय, तर अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटाऐवजी १ फेब्रुवारीला आला.

मात्र करासाठी सगळा देश एकाच वर्षावर आला, तो १८६७ नंतर तब्बल १२२ वर्षांनी. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तोवर व्यापाऱ्याला आयकरासाठी स्वतःचं वर्ष निवडता यायचं: कुणाचं दिवाळी ते दिवाळी, कुणाचं जानेवारी ते डिसेंबर. बँकासुद्धा ३१ डिसेंबरलाच ताळेबंद बांधायच्या. १९८७ च्या दुरुस्तीने १९८९-९० या कर-आकारणी वर्षापासून ही मोकळीक गेली. सांधा जुळवायला बँकांचं एक वर्ष १५ महिन्यांचं झालं, जानेवारी १९८८ ते मार्च १९८९. दिवाळीची वही ठेवणाऱ्याचं तर साधारण १७ महिन्यांचं. त्या वर्षीची खतावणी ओढणाऱ्या मुनिमाची कीव येते. वहीपूजन तरीही दिवाळीतच राहिलं.

रिझर्व्ह बँक त्याहूनही उशिरा आली. तिचं वर्ष १९४० पासून जुलै ते जून होतं. सरकारचा मार्च आणि बँकेचा जून जुळत नसल्याने सरकारला मधेच अंतरिम लाभांश (बँकेच्या नफ्यातला आगाऊ वाटा) मागावा लागे. शेवटी बिमल जालान समितीच्या शिफारशीनुसार २०२०-२१ हे तिचं वर्ष नऊच महिन्यांचं करून गाडी एप्रिलच्या रुळावर आणली. नेस्ले इंडियाने उलट केलं: जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ असं १५ महिन्यांचं वर्ष. अशा लांब किंवा आखूड वर्षाची आधीच्या वर्षाशी तुलना करून ‘नफा वाढला’ म्हणणाऱ्या बातम्या जपून वाचाव्यात.

अमेरिकेच्या सरकारला हाच सांधा १९७६ मध्ये जोडावा लागला. वर्ष जुलैवरून ऑक्टोबरवर नेताना मधली जुलै-सप्टेंबरची तिमाही ना १९७६ च्या वर्षात बसली, ना १९७७ च्या. ती नुसतीच ‘संक्रमण तिमाही’ म्हणून नोंदली गेली. नावाचाही घोळ आहेच. अमेरिका वर्षाला ते संपतं त्या सालाचं नाव देते, जपान ते सुरू होतं त्या सालाचं. आपण ‘२०२५-२६’ असं दोन्ही लिहून सुटका करून घेतो.

कायद्याने सगळं मार्चला बांधलं, तरी महाराष्ट्रात जुनी वर्षं बाजूने चालूच आहेत. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, म्हणूनच त्या दिवशी महसूल दिन असतो. साखरेचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, आणि उसाची एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर) त्याच हंगामासाठी ठरते. त्यामुळे एकाच फडातला ऊस तलाठ्याच्या दप्तरी एका वर्षात, एफआरपीच्या हिशेबात दुसऱ्या वर्षात, आणि त्यातून निघालेली साखर ३१ मार्चला कारखान्याच्या ताळेबंदात शिल्लक माल म्हणून तिसऱ्याच वर्षात दिसते.