जास्त वॅटचा गीझर म्हणजे जास्त कढत पाणी?

मालवण-गुहागरकडच्या होमस्टेवाल्यांच्या बोलण्यात हे हमखास येतं: "तीन हजार वॅटचा घेऊ नका, पाणी उकळतं आणि बिलही दीडपट येतं." दोन्ही गोष्टी चूक आहेत.

पाणी किती तापवायचं हे थर्मोस्टॅट ठरवतो. तो ६० अंशांवर असेल तर पाणी ६०ला पोहोचताच कॉइल बंद होते, मग ती कितीही वॅटची असो. वॅटने ठरतो तो फक्त वेळ. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६०वर न्यायला २००० वॅटला साधारण १८ मिनिटं लागतात, ३००० वॅटला १२. वीज दोन्हीकडे तेवढीच, जेमतेम ०.६ युनिट. मीटर जोरात फिरतो खरा, पण थांबतोही लवकर.

आपल्याकडे खरी अडचण व्होल्टेजची. ऐन पावसात २३०चं १८० झालं की २००० वॅटची कॉइल १२०० वॅटच्या आसपासच काम करते आणि १८ मिनिटांची तीस होतात. लोक मग घाईने नॉब शेवटपर्यंत फिरवतात. त्याने पाणी लवकर तापत नाही. उलट विसरलात तर अंग भाजेल इतकं तापतं. लहान मुलं असलेल्या घरात हे कृपा करून टाळा.

एक मात्र बघाच: ३००० वॅट म्हणजे १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायर आणि नीट अर्थिंग हवंच.