गुरुत्वीय लहरींचे संशोधन: मराठवाड्यातून अर्ज कुठे, कधी आणि कोणत्या कागदांवर करायचा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी (प्रचंड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे अतिसूक्ष्म तरंग) टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार, म्हणून "तिथली भरती कधी निघणार?" हा प्रश्न परभणी-नांदेडच्या कॉलेजांत सतत ऐकू येतो. या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. पण लायगो-इंडियाचा असा एकच भरतीचा फॉर्म नसतो. काम चार संस्थांत वाटलेले आहे आणि प्रत्येकीची जाहिरात वेगळी निघते. विज्ञान, संगणन आणि मनुष्यबळ पुण्याच्या आयुकाकडे (खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय केंद्र). लेसर आणि प्रकाशीय यंत्रणा इंदूरच्या आरआरकॅटकडे (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र). निर्वात यंत्रणा आणि नियंत्रण गांधीनगरच्या आयपीआरकडे (प्लाझ्मा संशोधन संस्था). बांधकाम अणुऊर्जा विभागाच्या डीसीएसईएम या बांधकाम संचालनालयाकडे. आपले शिक्षण यांपैकी कुठे बसते ते आधी ठरवा, मग त्या संस्थेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

पदवीच्या काळातले प्रशिक्षण

बी.एस्सी.च्या मुलांनी पहिला अर्ज तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी करावा. दोन महिने एखाद्या संशोधकाकडे काम करायला मिळते. अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास भरले जातात, हे बहुतेकांना मार्चमध्ये कळते आणि वर्ष हातचे जाते. एम.एस्सी.च्या पहिल्या किंवा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असाल तर आयुकाचा सुट्टीतील विद्यार्थी कार्यक्रम पाहा. बंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञान केंद्रात गुरुत्वीय लहरींवर उन्हाळी शाळा भरते. अमेरिकेत कॅलटेकमध्ये लायगोचा दहा आठवड्यांचा पदवी-विद्यार्थी कार्यक्रम असतो. त्यासाठी पासपोर्ट आधीच हातात हवा, निवड झाल्यावर काढायला घेतला तर व्हिसाला वेळ उरत नाही.

या अर्जांत गुणपत्रिकेइतकेच वजन शिफारसपत्राला असते, आणि आपल्याकडचे अर्ज तिथेच सर्वाधिक कच्चे राहतात. "विद्यार्थी हुशार व सद्वर्तनी आहे" हे चारित्र्याच्या दाखल्याचे वाक्य निवड करणाऱ्याला काहीच सांगत नाही. सरांना काय लिहायला सांगायचे याचे एक उदाहरण घ्या. मायकेलसन इंटरफेरोमीटर (प्रकाशाचा किरण दोन काटकोनी हातांत विभागून, परत एकत्र आणून सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) बहुतेक एम.एस्सी. प्रयोगशाळांत असतो, आणि लायगोही मुळात तेच उपकरण आहे, फक्त हात ४ किलोमीटरचे. ६३२.८ नॅनोमीटरच्या हेलियम-निऑन लेसरवर प्रकाश-अंधाराचे १०० पट्टे सरकले तर आरसा सुमारे ३१.६ मायक्रोमीटर हलला. विद्यार्थ्याने हे मोजले, शेजारचे दार आपटल्यावर पट्टे का थरथरतात ते शोधले, टेबलाखाली रबर घालून पुन्हा वाचन घेतले, एवढे पत्रात आले की पत्र बोलू लागते. अनेक पोर्टल शिफारशीची लिंक थेट शिक्षकांच्या ईमेलवर पाठवतात. त्यांचा रोज उघडला जाणारा ईमेल द्या आणि शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी आठवण करा.

दुसरी भक्कम गोष्ट म्हणजे खऱ्या डेटावर केलेले काम. लायगोचा डेटा गुरुत्वीय लहरींच्या मुक्त विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या नोंदीची ३२ सेकंदांची फाइल उतरवा. सेकंदाला ४,०९६ नमुने, म्हणजे एकूण १,३१,०७२ आकडे. कच्चा आलेख काढला तर लहर दिसणारच नाही, कारण कमी वारंवारतेचा गोंगाट तिला गिळून टाकतो. ६० हर्ट्झवर उभी टोकदार रेघ दिसेल, ती अमेरिकेतल्या विजेच्या पुरवठ्याची. औंढ्यात तीच ५० हर्ट्झवर येईल. आधी गोंगाट सपाट करा, म्हणजे सगळ्या वारंवारतांचा गोंगाट एकाच पातळीवर आणा, मग साधारण ३५ ते ३५० हर्ट्झचा पट्टा ठेवा. एक-पंचमांश सेकंदात वर चढत जाणारी लहर उमटते, आणि लायगोच्या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपैकी लिव्हिंग्स्टनला ती हॅनफर्डच्या सुमारे ७ मिलिसेकंद आधी पोहोचलेली दिसते. पायथॉन येत असेल तर हे जमण्यासारखे आहे. अर्जात "खगोलशास्त्राची आवड आहे" लिहिण्यापेक्षा हा आलेख आणि त्याचा कोड जोडा.

पीएच.डी.

एम.एस्सी. भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी, आणि त्यावर राष्ट्रीय परीक्षा. भौतिकशास्त्राची नेट-जेआरएफ (सीएसआयआरची पात्रता व शिष्यवृत्ती परीक्षा), जेस्ट (संशोधन संस्थांची संयुक्त चाळणी परीक्षा), गेट आणि आयुका व एनसीआरए (पुण्याची रेडिओ खगोलशास्त्र संस्था) यांची संयुक्त प्रवेश परीक्षा या ओळखीच्या वाटा आहेत; कोणती संस्था कोणता गुणांक धरते ते त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावे. परीक्षेनंतर मुलाखत असतेच, आणि तीत यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम यांत्रिकी यांचे पायाभूत प्रश्न फळ्यावर सोडवायला लावतात.

सीएसआयआर-नेटला खुल्या व ईडब्ल्यूएस प्रवर्गाला एम.एस्सी.त किमान ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ५०. पेपर २०० गुणांचा, वेळ ३ तास, चुकीच्या उत्तराला २५ टक्के कपात. क भागातला प्रश्न ५ गुणांचा असतो, म्हणून अंदाजाने ठोकलेले उत्तर तिथेच महागात पडते. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता आहे.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ किंवा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्यांनी राज्याच्या बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त), टीआरटीआय (आदिवासी) या संस्थांच्या संशोधन शिष्यवृत्त्या पाहाव्यात. एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. या राज्याच्या योजनांना डोमिसाइल लागते. वरच्या केंद्रीय परीक्षांना लागत नाही, त्यासाठी सेतू केंद्रात उगीच रांग लावू नका.

अभियंते, डिप्लोमा आणि आयटीआय

अभियंते आणि एम.एस्सी. झालेल्यांसाठी बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) प्रशिक्षण शाळेची एक वर्षाची योजना हा सर्वांत भरवशाचा मार्ग. तिची एक शाळा आरआरकॅटमध्येही आहे. पदवीला ६० टक्के, वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला २६, ओबीसीला २९, अनुसूचित जाती-जमातींना ३१. निवड गेट गुणांक किंवा बीएआरसीची ऑनलाइन परीक्षा, आणि मुलाखत. डिप्लोमा व बी.एस्सी., तसेच आयटीआय व बारावी विज्ञान झालेल्यांसाठी अणुऊर्जा विभागाची विद्यावेतनी प्रशिक्षणार्थी भरती निघते. अशा वेधशाळेत सुमारे १.२ मीटर व्यासाच्या, किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या पोलादी नळ्या अतिउच्च निर्वातात ठेवाव्या लागतात. एका जोडात सूक्ष्म गळती राहिली तरी ती शोधण्यात आठवडे जातात. त्यामुळे वेल्डिंग, फिटिंग, इलेक्ट्रॉनिक्स, रेफ्रिजरेशन शिकलेल्या मुलांनी हा विषय आपला नाही असे मानू नये.

कागदपत्रे: अर्ज इथेच बाद होतात

राज्याचे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी प्रमाणपत्र वेगळे मागावे लागते, आणि जात केंद्रीय यादीतही असावी लागते. वंजारी, धनगर हे राज्यात भटक्या जमातींत असले तरी केंद्रात ओबीसीत येतात, तेव्हा अर्जात 'एनटी' शोधत बसू नका. कुणबी नोंद असणाऱ्यांनी केंद्रीय यादीतली नेमकी नोंद प्रमाणपत्राशी ताडून पाहावी. क्रिमिलेअरच्या ८ लाखांच्या मर्यादेत शेतीचे उत्पन्न आणि पगार धरत नाहीत, पण पालकांचे पद पाहिले जाते.

राज्याचे एसईबीसी आरक्षण केंद्रात लागू नाही. मराठा विद्यार्थ्याला तिथे निकषात बसल्यास ईडब्ल्यूएस आहे. मात्र ईडब्ल्यूएसमध्ये शेतीसह सगळे उत्पन्न मोजतात, आणि कुटुंबाकडे ५ एकर किंवा अधिक शेतजमीन असली की पात्रता जाते. कोरडवाहू सात एकरांतून वर्षाला लाखभरही न मिळणारे घर यात बाद होते. हे अन्यायाचे आहे, पण नियम आज तोच आहे. म्हणून तहसीलला हेलपाटे घालण्याआधी सातबारा आणि आठ-अ वरचे क्षेत्र जोडून पाहा. प्रमाणपत्र आर्थिक वर्षापुरते असते. जुने जोडू नका.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचे नाव गायब. अर्जात दहावीप्रमाणे लिहा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, तेही अर्ज उघडण्याच्या दोन महिने आधी. सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचे विद्यापीठाचे पत्र आणा. स्वतःच्या हिशेबाने टाकलेला आकडा पडताळणीत अडकतो. शेवटच्या वर्षातल्यांनी विभागप्रमुखांच्या सहीचे 'निकाल प्रलंबित' पत्र ठेवावे.

लायगोत लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. परीक्षा शुल्क फक्त अधिकृत पोर्टलवर भरले जाते आणि त्याची पावती लगेच मिळते; ती पीडीएफ, अर्जाची प्रत आणि वापरलेला फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा, कारण मुलाखतीच्या वेळी तोच फोटो पुन्हा मागितला जाऊ शकतो.