पार्श्वभूमी : चाळीस प्रतींची पुस्तिका

कुडाळ एमआयडीसीत काजूबी फोडायचं यंत्र बनवणाऱ्याला माहितीपुस्तिका लागतात त्या चाळीस-पन्नास. पुढच्या हंगामात मोटर बदलली की आतली दोन पानंही बदलतात. ऑफसेटवाला मात्र हजाराच्या खाली बोलायचा नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. पानाची धातूची प्लेट काढायची, मशीनवर चढवायची, शाई-पाण्याचा मेळ बसेपर्यंत कागद वाया घालवायचा; हा खर्च चाळीस प्रतींनाही तेवढाच आणि चार हजारांनाही तेवढाच. रंगीत मुखपृष्ठ म्हटलं की चार रंगांच्या चार प्लेटा. मग हजार छापायच्या, उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकायचे आणि चुकलेल्या मापावर दुरुस्तीची चिठ्ठी डकवायची. पहिल्याच पावसाळ्यात ती सुटायची.

प्लेटेशिवाय छापायची वाट १९३८ साली सापडली. २२ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी स्थिर विद्युतभार आणि कोरडी पूड वापरून पहिली प्रत काढली. १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ हे प्रती काढायचं यंत्र आलं. पुढे कंपनीचं नावच आपल्या तोंडी इतकं बसलं, की कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर आपण ‘झेरॉक्स’च मारतो. पण ती झाली नक्कल, त्यासाठी मूळ कागद हवाच. १९९० च्या ‘डॉक्युटेक’वर पानं यंत्रातच साठवून हव्या तेवढ्या प्रती काढता येऊ लागल्या, पण काळ्या-पांढऱ्याच. रंग १९९३ मध्ये आला, इंडिगो आणि झायकॉन या कंपन्यांच्या यंत्रांतून.

रंगीत प्रत महाग, काळी स्वस्त, म्हणून मधल्या काळात एक तोडगा निघाला. मला तो आजही हुशारीचा वाटतो. मुखपृष्ठं ऑफसेटवर एकदाच हजार मारून ठेवायची, मॉडेलच्या नावाची जागा कोरी सोडायची. मागणी येईल तसं त्यावर काळ्यात नाव चढवायचं आणि आतली पानं तेवढीच काढायची.

आता मुखपृष्ठही डिजिटलवर, म्हणजे अशा बिनप्लेटेच्या यंत्रावर, निघतं. कोकणात अडतं ते हवेशी. टोनर, म्हणजे ती कोरडी पूड, कागदावर ओढला जातो विद्युतभाराने. जुलैत कागदाची रीम उघडी राहिली की दमट कागदावर तो भार टिकत नाही, छपाई डागाळ येते, कागद वळतो, मशीनमध्ये अडकतो. म्हणून रीम लागेल तेव्हाच फोडायची. शिवाय टोनर शाईसारखा मुरत नाही, वितळून वरच बसतो. जाड मुखपृष्ठाला आधी क्रीझ, म्हणजे घडीच्या जागी दाबरेघ, मारली नाही, तर घडीवर रंग तडकून पांढरी रेघ दिसते.